रांगेतून माणूस काढताना

नलवडे सर नव्या बॅचला पहिल्या दिवशी खुर्च्या देत नसत. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या क्लासच्या अरुंद व्हरांड्यात सगळ्यांना एकामागे एक उभे करत आणि सर्वांत पुढच्याला विचारत, "तुझा नंबर किती?"

तो साहजिकच म्हणे, "एक."

"चूक. जा मागं."

दुसरा पुढे सरके, तोही "एक" म्हणे, तोही मागे जाई. असे पाच-सहा जण झाले की कुणीतरी रडवेला होऊन विचारी, "मग काय म्हणू, सर?"

"तुज्या म्होरं किती माणसं हायत?"

"कुणी नाही."

"मग शून्य म्हण की. तोंड झिजतंय व्हय?"

पायथन या संगणकाच्या भाषेत यादीला लिस्ट म्हणतात आणि तिच्यातली जागा शून्यापासून मोजतात. पुस्तकात हे एका ओळीत उरकलेले असते आणि शिकणारे महिनाभर तिथेच अडखळतात. सरांची मुले पुन्हा अडखळली नाहीत. चारचौघांत अपमान झाला की गोष्ट लक्षात राहते, हे सरांना पक्के ठाऊक होते, आणि शिकवण्याची दुसरी पद्धत त्यांना येत नव्हती.

मी त्यांच्याकडे अठ्ठ्याण्णव साली कामाला लागले. तेव्हा क्लास टायपिंगचा होता. चौदा यंत्रे, एक गळका माठ आणि सरांच्या हातात लाकडी पट्टी. कळफलकाकडे बघून टाइप करणाऱ्याच्या बोटांवर ती पडे. मुलगी असली तर टेबलावर पडे, पण इतकी जवळ की मुलगी दचकून रडे. पुढे यंत्रे भंगारात गेली, संगणक आले. पन्नाशीला आलेला हा माणूस इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्स घेऊन, शब्दकोश शेजारी ठेवून, एकटा पायथन शिकला. कोल्हापुरात तेव्हा ते शिकवणारे फारसे कुणी नव्हते. "ही भाषा बारकी हाय," ते म्हणत, "पर तोंडावर बोलती. चुकलासा की चुकलासा." स्वतःबद्दलही त्यांचे मत तेच असावे.

शिकवायचे मात्र असे, की दगडाला कळावे. आजऱ्याच्या एका मुलाने एकदा गुणांची लिस्ट केली आणि तिची नक्कल म्हणून तिलाच दुसरे नाव दिले. मग दुसरीतले दोन आकडे पुसले, तर पहिलीतलेही गेले. तो घाबरून सरांना बोलवायला गेला. सरांनी पडदा पाहिला आणि सगळ्या वर्गाला तिथे गोळा केले.

"तुझ्या घरात म्हशी किती?"

"एक."

"तिला दोन नावं ठिवलीस तर दूध दुप्पट येतंय?"

वर्ग हसला. लिस्टला दुसरे नाव दिले म्हणजे दुसरी लिस्ट होत नाही, हे त्या दिवशी बावीस जणांना कायमचे कळले. तेविसाव्याला सगळे 'दोन म्हशी' म्हणू लागले, सरसुद्धा हजेरी घेताना. तीन आठवड्यांनी तो यायचा थांबला. मी सरांना म्हटले, "मुलगा तुमच्यामुळे गेला." त्यांनी हजेरीपटातून मानही वर केली नाही. "बरं झालं. एक मशीन मोकळं झालं."

तरीही लोक मुले आणून सोडत, कारण इथली मुले नोकरीला लागत. दोन हजार सहाच्या सुमारास पुण्याच्या एका कंपनीने कळवले की चाळिसाच्या वर गुण असलेल्यांची नावे पाठवा, आम्ही मुलाखती घेऊ. कंपनीला फक्त यादी हवी होती. उत्तरपत्रिका आमच्याच कपाटात राहणार होत्या. सरांनी परीक्षा घेतली आणि यादी हाताने न करता छोटा प्रोग्राम लिहून केली. हाताने केली असती तर पुढचे काही घडले नसते.

शुक्रवारी यादी फळ्यावर लागली. तिच्यात सुरेखा गावडे हे नाव होते. सुरेखा चंदगडकडची. मावशीकडे राहून शिकायची. डोके मध्यम, पण सगळ्यांच्या आधी येऊन बसायची. वडिलांनी तिचे लग्न ठरवत आणले होते. मुलगा तिच्याहून बारा वर्षांनी मोठा होता. वडिलांशी तिचा करार झाला होता: यादीत नाव आले तर पाव्हण्यांना वर्षभर थांबायला सांगायचे, नाही आले तर मुकाट्याने बोहल्यावर चढायचे. हे तिने मला माठाजवळ सांगितले होते. बायका बायकांना सांगतात, तसे. सरांना सांगायची कुणाची छाती होती? त्या शुक्रवारी तिने गावात शेजाऱ्यांकडे फोन केला. वडील शब्दाचे पक्के निघाले. त्याच संध्याकाळी जाऊन पाव्हण्यांना "एक वरीस थांबा" म्हणून आले.

शनिवारी सकाळी मी उत्तरपत्रिका बांधून ठेवायला घेतल्या. यादीशी ताडून बघायला कुणी सांगितले नव्हते. सवय आहे. सुरेखाच्या पेपरवर चौतीस होते.

मी दोनदा पाहिले. मग पेपर घेऊन सरांकडे गेले आणि म्हटले, "हे नाव यादीत चुकून आलंय." एवढेच म्हटले. लग्नाचे बोलले नाही. कामाच्या ठिकाणी कामाचे बोलावे, असे मला तेव्हा वाटत असे.

सर अर्धा तास प्रोग्रामसमोर बसले. मग एकदम उठून म्हणाले, "घावलं," आणि वर्गाला व्हरांड्यात काढले. तेवीस जण हजेरीच्या क्रमाने उभे केले. प्रत्येकाच्या हातात त्याचा त्याचा पेपर, आकडा बाहेरच्या बाजूला. सुरेखाने आपला आकडा तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तिने पेपर पोटाशी धरला. सर म्हणाले, "भाईर कर तो."

"आता मी प्रोग्राम हाय," ते म्हणाले. पहिल्यापासून एकेका जागेपुढे थांबत निघाले. चाळिसाच्या वर असला की त्याला तिथेच ठेवून पुढे. सुरेखाच्या अगोदर अठ्ठावीसवाला एक मुलगा होता. त्याला त्यांनी दंडाला धरून बाहेर काढले. "जागा रिकामी झाली. मागची समदी एक पाऊल म्होरं सरका." सगळे सरकले. सुरेखा त्या मुलाच्या जागी आली. आणि सर, प्रोग्रामसारखेच, पुढच्या जागेकडे गेले. तिच्याकडे न बघता.

"बगितलासा? ही कशी ऱ्हायली?"

कुणीतरी मागून म्हणाले, "तिला विचारलंच नाही, सर."

"शाब्बास. रांगंतनं चालता चालता माणूस काढला की त्याच्या मागचा सुटतो. चूक कुणाची? माझी. गाढव कोण? मी." हे त्यांनी फळ्यावर स्वतःच्या नावासकट लिहिलेही. मग वळून म्हणाले, "चल गं. तू बी भाईर."

ती बाहेर गेली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज आला, तोवर मुले वह्यांत रांगेचे चित्र काढत होती. एवढे स्वच्छ मी कुणालाही शिकवताना पाहिलेले नाही. ठेवायचे ते वेगळ्या, नव्या लिस्टमध्ये घालत जायचे आणि जुनीला हात लावायचा नाही, हा उपायही त्यांनी तिथेच सांगितला. मी आजही तसाच शिकवते.

मंगळवारी सुरेखाचे वडील आले. बसा म्हटले तरी बसले नाहीत.

"मास्तर, नाव लावलं कुणी?"

"मी."

"काढलं कुणी?"

"मीच."

"मी पाव्हण्याच्या दारात जाऊन वरीसभर थांबा म्हणून आलो. काल पुन्ना त्याच दारात गेलो. आता ती म्हणतील ते ऐकायला लागतंय मला. पंधरा दिसांत लगीन लावा म्हणत्यात, पोरीला पुन्ना शाळंचं नाव काढू देणार न्हाय म्हणत्यात. पुण्याच्या लोकांस्नी काय दिसत हुतं काय? तुमी गप बसला असतासा तर काय बिघडत हुतं?"

"पोरगी नापास हाय, गावडे."

"पर ह्ये बगितलं कुणी? तुमच्या मशिनीनं तर न्हाय बगितलं."

मी टेबलाशीच उभी होते. सरांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "मीच बगितलं," ते म्हणाले. "पेपर मीच तपासतो."

वडील आणखी बरेच बोलले. आईवरून बोलले. सरांनी ऐकून घेतले. आयुष्यात पहिल्यांदाच ऐकून घेत असावेत. ते गेल्यावर सरांनी चष्मा पुसला आणि विचारले, "बाई, लग्नाचं तुमास्नी ठाव हुतं?"

"होय."

"मग आदी का न्हाय सांगितलासा?"

"सांगितलं असतं तर नाव ठेवलं असतंत का?"

त्यांनी खरोखर विचार केला. "न्हाय," म्हणाले. मग चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाले, "पर रांग केली नसती."

पुढच्या बॅचपासून व्हरांड्यातली रांग बंद झाली. सर फळ्यावर चौकोन काढून शिकवू लागले. जीभ तशीच राहिली, पण शिकवणे पहिल्यासारखे उतरेना. मुले शून्य विसरू लागली. हेही खरे आहे, म्हणून लिहिते.

दोन हजार नऊ साली ते गेले. सकाळचा क्लास घेऊन जिना उतरताना छातीत कळ आली. त्यांच्या मागे घरचे कुणी नव्हते. क्लास मी चालवायला घेतला.

त्यानंतर काही महिन्यांनी सुरेखा आली, एकटी. अंग सुटले होते, गळ्यात मंगळसूत्र. गावच्या ग्रामपंचायतीत संगणकावर बसायला बाई हवी होती. सासरच्यांनी आता पैसे येणार म्हटल्यावर परवानगी दिली होती. तिला कोर्स पूर्ण केल्याचा दाखला पाहिजे होता.

"सर गेले, कळलं का?" मी विचारले.

"कळलं. मला वाईट न्हाय वाटलं, मॅडम. खोटं कशाला बोलू."

"नको बोलूस."

"पेपर बगून नाव काढलं त्ये एकवेळ ऱ्हाऊ दे. पर शोधून काढायची काय गरज हुती त्यास्नी? कुणी इचारलं हुतं?" तिने पदराने मान पुसली. "तितं माणसासारख्या तुमी एकट्या हुतासा."

मी कपाट उघडून कोरा दाखला काढला, नाव घातले, सरांच्या जागी माझी सही केली आणि शिक्का मारला. शिक्क्याची शाई वाळायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात खरे सांगून झाले असते. मी तिला विचारले, चंदगडची एसटी किती वाजता आहे.