मोटार भरणाऱ्याचा लेक

तामलवाडीत चाँदपाशांचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की आसपासचे शेतकरी ती त्यांच्याकडंच आणायचे. जळकी तार काढून नवी गुंडाळायची, याला इकडं मोटार भरणं म्हणतात. हे काम चाँदपाशा सोलापुरात एका उस्तादाच्या शिव्या खात शिकले होते. आपल्या अबुजरच्या वाट्याला ते येऊ नये, एवढीच त्यांची इच्छा. पोरगा दुकानात डोकावला की त्याला घरी पिटाळायचे. "तू पढ रे. ये काम मेरे तक बस," म्हणायचे.

अबुजर शिकला. धाराशिवला राहून त्यानं भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं. निकाल लागला त्या दिवशी चाँदपाशांनी येईल त्या गिऱ्हाइकाला पेढा दिला. पुढं मात्र कायमची नोकरी कुठंच लागली नाही. एका कॉलेजात तासावर शिकवत होता, तेही विद्यार्थी घटले तसं बंद झालं. त्याच हिवाळ्यात चाँदपाशांना लकवा मारला. उजवा हात गेला, वाचाही गेली.

घर चालायला हवं म्हणून अबुजरनं दुकान उघडलं. मोटार का फिरते हे त्यानं वर्गात कितीदा तरी शिकवलं होतं. पहिली मोटार आली शरणबसप्पांची, वडिलांच्या जुन्या गिऱ्हाइकाची. ती भरून दिली आणि दुसऱ्या दिवशी जळाली. परत भरली, परत जळाली. शरणबसप्पा रागावले नाहीत. खाली मान घालून म्हणाले, "तुझ्या अब्बाकडं बघून थांबलो असतो बाबा, पर द्राक्षबाग वाळायलीय. सोलापूरला नेतो."

चाँदपाशा दुकानातल्या खाटेवरून ऐकत होते. त्यांनी लेकाला खुणेनं बोलावलं, तारेचं टोक त्याच्या बोटांत दिलं आणि डाव्या हातानं ती ओढून दाखवू लागले. वेढा सैल राहिला की घासून जळतो, हे त्यांना सांगायचं होतं. पण डाव्या हाताला ते येत नव्हतं. तार कधी ढिली पडायची, कधी तुटायची. घशातून नुसता आवाज निघायचा. अबुजर विचारत राहिला, "इत्ता, अब्बा? और ज्यादा?"

शेवटी त्यांनी तार सोडली आणि त्याच्या हातावर कपाळ टेकून रडले. चहा घेऊन आलेल्या अबुजरच्या आई नसीमबी दारातच थांबल्या.

रमजानच्या तोंडावर चाँदपाशा गेले.

अबुजर आता सोलापुरात एका मोटारी भरायच्या दुकानात उमेदवारी करतो. तिशी ओलांडलेला माणूस बघून मालकानं शिक्षण विचारलं, तेव्हा त्यानं बारावी सांगितलं. सुट्टीला घरी आला की नसीमबी त्याच्या कापलेल्या बोटांना हळद लावतात. परवा लावता लावता म्हणाल्या, तुझ्या अब्बांना हे बघवलं नसतं.

अबुजरनं हळद लागलेल्या बोटाकडं पाहिलं. मग म्हणाला, "मेरेकू अब्बानेच सिखाना था, अम्मी."

नसीमबींनी त्याचं दुसरं बोट हातात घेतलं.