कडू भाकरी कोण आणणार

माझ्या लेकीला, शकूला, माती देऊन माझे मालक परत आले तेव्हा आमच्या दारात कोणी नव्हतं. कारखान्यातली माणसं तिकडूनच पाळीला गेली होती. चाळीतल्या बायकांनी आपापली पोरं आत ओढून दारं लोटून घेतली होती. शकू घटसर्पानं गेली. घसा धरणारा रोग, एका पोराचा दुसऱ्याला लागतो. त्या बायकांना मी दोष देत नाही. त्यांचं पोर गेलं असतं तर मीही माझ्या धाकट्या बबनला आतच धरून ठेवलं असतं.

मालकांनी पाय धुतले आणि भिंतीला टेकून बसले. मी बबनला मांडीवर घेऊन बसले होते. चूल गार होती. माणूस गेल्यावर त्या दिवशी घरात चूल पेटवत नाहीत. भावकीनं, शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी करून आणायची, समोर बसायचं आणि रडणाऱ्यांना दोन घास खायला लावायचे. आमच्याकडे त्याला कडू भाकरी म्हणतात. चव कडू नसते. पण ती विकत मिळत नाही. कोणीतरी आपल्या चुलीवर करून आणावी लागते.

"गावाला जाऊ," मालक म्हणाले. "हितं आपलं कोन हाय? भाकर आनायला सुदीक मानूस न्हाय."

मी बबनला थोपटत राहिले.

गाव सोडून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मोडनिंबच्या स्टँडवर एसटीची वाट बघत आम्ही उभे होतो, एक ट्रंक आणि एक पोतं घेऊन. शकू चार वर्षांची, बबन कडेवर. रान थोडं आणि भाऊ तीन, म्हणून धाकट्यानं सोलापूरला मागावर कामाला जायचं असं ठरलं होतं. सासूबाई सोडायला आल्या होत्या. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "जा. पन हाटेलातलं खाऊ नगा. कुनाच्या हातचं कुनाला ठावं?" एसटी काही येईना. शकूनं भोकाड पसरलं. मालक गेले आणि समोरच्या हॉटेलातून भजी घेऊन आले, आईच्या देखत. शकूनं एक भजं तोंडात घातलं आणि रडं थांबलं. सासूबाईंनी तोंड फिरवलं ते एसटी सुटेपर्यंत वळवलं नाही. आम्ही घर सोडलं ते असं.

सोलापुरात खोली मिळाली सात रस्ता चौकाच्या मागं एका बोळात. तिथं सगळंच नवं होतं. शेजारी तेलुगू बोलायचे, दूधवाला कानडी बोलायचा आणि पाण्याच्या नळावर सगळे भांडायचे. भांडण मात्र मला कुठल्याही भाषेत समजायचं. पगार झाला की मालक आम्हाला बाहेर खायला न्यायचे. आमच्या गावात बाईनं हॉटेलात बसून खाणं म्हणजे तमाशाला जाऊन बसण्यासारखं. पहिल्यांदा मी पदर इतका पुढं ओढला होता की मला बशीच दिसेना. दुसऱ्यांदा भूक जास्त होती आणि लाज कमी. तिसऱ्यांदा मी नावं ठेवायला लागले.

मोठ्या रस्त्यावर एक हॉटेल होतं. तिथं बायकांसाठी कोपऱ्यात पडदा लावून 'फॅमिली रूम' अशी पाटी लावली होती. तो पडदा पिळला असता तर भज्यांचा एक घाणा सहज निघाला असता. बाकाला ढेकूण होते. वाढणारा ज्या फडक्यानं टेबल पुसायचा त्याच फडक्यानं तोंड पुसायचा. मिसळीत मटकी शोधावी लागायची. चहा मात्र चांगला, खरं सांगायला पाहिजे. पण नुसत्या चहासाठी ढेकूण कोण चावून घेणार? आम्ही ते सोडलं.

चौकाच्या अलीकडं एका म्हाताऱ्या चाचाची मिरची भज्यांची गाडी असायची. बेसन ताजं, मिरची तिखट, तेल काळं झालं की तो खरंच ओतून द्यायचा, हे मी उभी राहून बघितलं आहे. झाऱ्यात राहिलेला भज्यांचा चुरा कागदात बांधून तो शकूच्या हातात द्यायचा. "ले बेटी," एवढंच म्हणायचा. शकूला भज्यांपेक्षा तो चुरा आवडायचा. गाडीवर उभं राहून खायला लागायचं, बसायला जागा नाही, एवढीच खोट.

आणि आमच्या बोळाच्या तोंडाशी निलव्वाची खानावळ. निलव्वा अक्कलकोटकडची, लिंगायत. नवरा वारल्यावर एकटीनं खानावळ चालवायची. दोन बाकडी, एक चूल, गिऱ्हाईक सगळं मागावरचं. कडक भाकरी पापडासारखी, शेंगाची चटणी अशी की परत परत बोट जावं. आमटी पातळ. वागणूक विचारू नका. पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं, "अक्का, ही आमटी हाय का हिरीचं पानी? डाळ कुटं दिसंना."

"बुडी मार की," निलव्वा म्हणाली. "तळाला गावंल."

मालक खाली मान घालून हसले. मी म्हटलं, "पैशे घेता, मग ऐकून घ्याया काय झालं?"

"ऐकती की. आमटी तीच राहनार, पर ऐकती." आणि शकूकडं बघून, "ही बारकी कुनाची? हिची आई लई बोलती व्हय ग?"

"व्हय," शकू म्हणाली.

तेव्हापासून निलव्वा शकूच्या पानात न मागता तूप घालायची. माझ्या पानात कधी घातलं नाही. मी प्रत्येक वेळी आमटीला नाव ठेवायचे, ती प्रत्येक वेळी उलटं बोलायची. बाहेरच्याला वाटावं या दोघी वैरिणी आहेत. मला मात्र सोलापुरात बोलायला एवढं एकच माणूस होतं.

पुढं शकूचा घसा धरला. आधी वाटलं सर्दी. मग तिला गिळता येईना, श्वास घेताना आवाज यायला लागला. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. आम्हाला उशीर म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. गावात असताना कोणी येऊन लस टोचली नव्हती आणि टोचायची असते हेही कोणी सांगितलं नव्हतं. बस. त्यापेक्षा जास्त मी सांगणार नाही.

तर त्या दिवशी आम्ही तसे बसलो होतो. दिवस कलला तेव्हा बोळातून कोणाच्या तरी वहाणांचा आवाज आला आणि आमच्या दाराशी थांबला. निलव्वा होती. डोक्यावर पाटी, वर फडकं.

मी म्हटलं, "अक्का, आत येऊ नगा. रोग हाय. गिऱ्हाईक तुटंल तुमचं."

"तुटू दे." ती आत आली, पाटी खाली ठेवली. "आमच्यात सुतक धरत न्हाईत. पर तुमच्यात भाकर आनावी लागती, ते मला ठावं हाय. मागावरची लेकरं जेवत्यात माज्याकडं, त्यांचंबी कोन-कोन जातंय की." तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि आधी मालकांच्या हातात दिला, मग माझ्या. "ऊटा माड, यव्वा. जेव."

देवाची मर्जी, नशीब, असलं काही ती बोलली नाही. शकूचं नाव घेतलं नाही. आम्ही खाईपर्यंत समोर बसून राहिली. भाकरी एका बाजूनं करपली होती. घाईघाईत केली असणार. एरवी मी बोलले असते.

तिसऱ्या दिवशी गावाहून सासूबाई आणि थोरले दीर आले. सासूबाईंनी दारातच टाहो फोडला. तो खोटा नव्हता, शकू त्यांची नातच होती. मग डोळे पुसले आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "सांगितलं हुतं, हाटेलातलं घालू नगा. भजी घालून घालून पोर मारली."

"आत्या, ह्यो रोग भज्यांतनं येत न्हाय," मी म्हटलं.

"तू शिकलीस लई. चौथी झालीस न्हवं."

दीर म्हणाले, "जाऊ दे आता. नामू, सामान बांध. दुपारची एसटी हाय."

मालक उठले. ट्रंक पुढं ओढली. ते निघणार हे मला दिसत होतं. निघाले असते तर मला जावंच लागलं असतं, नवऱ्याच्या मागं. मी काही बोलणार तेवढ्यात निलव्वा दारात उभी, हातात आमटीचं पातेलं. तिसऱ्या दिवशी परत कोणी जेवण आणत नाही. तिनं आणलं होतं.

सासूबाईंनी विचारलं, "ही कोन?"

"खानावळवाली," मी म्हटलं.

सासूबाई पातेल्याकडं बघत राहिल्या. "पोर गेली, आता आमालाबी घालताव का?"

निलव्वानं उंबऱ्यावरचं पाऊल मागं घेतलं. ती वळून गेली असती तर मी तिला थांबवू शकले नसते. सासूसमोर कोणत्या तोंडानं थांबवणार?

सासूबाईंनीही गावाहून भाकरी आणली होती, कडू भाकरीच, उशिरा का होईना. लुगड्याच्या धडप्यात बांधलेली, एसटीच्या प्रवासात वाळून खडखडीत झालेली. ती पोत्यावर पडली होती. मालक ट्रंक सोडून खाली बसले. आईचं धडपं सोडलं. भाकरी थाळ्यात कुस्करली. मग थाळा निलव्वापुढं धरला.

"वाढ अक्का," ते म्हणाले.

तिनं आमटी ओतली. ते जेवायला लागले. आईची भाकरी आणि निलव्वाची आमटी, एका थाळ्यात. कोणाला नाव ठेवायला जागा राहिली नाही. सासूबाई बघत राहिल्या आणि मग भिंतीकडं तोंड करून बसल्या. दीरांनी दुपारची एसटी पकडली, सासूबाईंना घेऊन. आमची ट्रंक तिथंच राहिली.

गावातल्यांना वाटलं, मी नवऱ्याला फितवलं. राहू या असा शब्दही मी तोंडातून काढला नव्हता. पण ते विचारायला आले असते तर मी सांगितलं असतं. शकूच्या आधी मला एक मुलगा झाला होता. बारशाच्या आधीच गेला. तेव्हा आम्ही गावात होतो. घरोघरची भाकरी आली, कमी पडली नाही. पण प्रत्येक भाकरीबरोबर एक बोल आला. हिचा पायगुण. हिनं गरवारपणी ग्रहण पाळलं नसंल. मी भाकरी गिळली आणि बोलही गिळले. निलव्वाच्या पाटीत नुसती भाकरी होती. हा फरक ज्यानं गिळला आहे त्यालाच कळतो.

निलव्वा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. खानावळीच्या जागी मोबाईलचं दुकान आहे. चाचाची गाडी कधी बंद झाली ते मला कळलंही नाही, एक दिवस बघितलं तर नव्हती. बबन नातवंडांना घेऊन मला एसी हॉटेलात नेतो. तिथं कडक भाकरी टोपलीत घालून देतात, तिला नॅपकिन गुंडाळतात. आमटी दाट असते. वाढणारा तीन वेळा विचारतो, "आजी, सगळं ठीक आहे ना?" मी म्हणते, ठीक आहे. मीठ कमी असलं तरी म्हणते. ज्याच्याशी भांडता येत नाही त्याला नाव ठेवून काय करायचं?

गावाकडचे तुम्ही म्हणता, म्हातारपणी तरी परत ये, घर आहे, चार भिंती आहेत. असतील. आमच्या भावकीतली जी पोरं पुण्याला आणि त्याहून लांब गेली ती फोनवर विचारतात, काकू, तिकडं करमतं का, आम्हाला इथं करमत नाही. करमण्याचं मला काही सांगता येत नाही. मला सोलापूर कधी आवडलं असंही नाही. उन्हाळ्यात जीव जातो, पाणी येईल तेव्हा येतं. पण तुम्ही जिथं असाल तिथं एक गोष्ट बघून ठेवा. तुमच्या घरात कोणी गेलं, तर न बोलावता कोण येईल आणि आल्यावर गप्प बसेल का. असं माणूस असेल तर तिथंच राहा. नसेल तर तुमचा फ्लॅट केवढाही असो, ते बिऱ्हाड आहे.

निलव्वा गेली तेव्हा मी भाकरी केली होती. तिची लेक अक्कलकोटहून आली होती, म्हणाली आमच्यात असलं काही नसतं. मी म्हटलं ठावं हाय, खा. तिनं खाल्ली.

त्या खोलीत आम्ही चौघं राहायला आलो होतो. शकू त्याच वर्षी गेली. मालक पुढं पुष्कळ वर्षांनी गेले. बबन आणि मी आहोत.