मास्तरांच्या खोलीचं दार

...तर मास्तर बाहेर जायला म्हणून निघाले आणि थेट कपाटात शिरले, इथवर काल सांगून झालं. तुम्ही हसलात. मीही हसलो होतो. पण पुढचं ऐका.

मास्तर म्हणजे माझे साडू. उभा जन्म शिंपीकामात गेला. कोट शिवावा तर त्यांनीच. बायको गेल्यावर लेकीनं त्यांना आपल्याकडे आणलं. शहरातली उंची वस्ती, बरंच वरच्या मजल्यावरचं घर, आणि तेही आतून सगळं उकलून नव्यानं केलेलं. पोरीनं जीव ओतला होता त्यात. भिंतींना वरपासून खालपर्यंत एकाच रंगाच्या लाकडी फळ्या आणि दारं त्या फळ्यांतच लपवलेली. कडी नाही, मूठ नाही, बिजागरी दिसत नाही. नेमक्या जागी दाबलं तर फळी सुटते; जागा चुकली तर भिंत ती भिंतच. खिडक्यांना नुसती काच, उघडायची सोयच नाही. आमच्या गावच्या शाळेला एक भिंत कमी होती, तरी आमचा जीव आत घुसमटायचा. इथे तर चारही शाबूत!

मास्तरांनी आपल्या परीनं तोड काढली. शिंप्याचा खडू त्यांच्या खिशात कायम. काजाची जागा कापडावर दाखवतात तशी बारीकशी खूण ते फळीवर करायचे. पण घर पुसायला येणारी बाई कामाला चोख. यांनी खूण करावी, तिनं डाग समजून फडकं मारावं. तिला सांगायची चोरी, कारण ते लेकीच्या कानावर जाणार.

"ती एवढ्या हौसेनं सगळ्यांना घर दाखवते," मला म्हणाले, "आणि बापालाच दार सापडत नाही म्हटलं तर काय वाटेल तिला?"

संडासाचं दार खोलीबाहेर, तेही असंच फळ्यांत. म्हणून दिवस कलला की पाणी पिणं त्यांनी सोडलेलं. चांगला अंगानं भरलेला माणूस, पार चिपाड झाला होता.

मी भेटायला गेलो त्या दिवशी लेकीच्या ऑफिसातली मंडळी घर बघायला यायची होती. आम्ही दोघे म्हातारे मास्तरांच्या खोलीत बसलो. दार आपोआप मिटलं, आवाजसुद्धा नाही. माझ्या आग्रहाखातर मास्तरांनी चहा घेतला, वर आणखी एक कप घेतला. थोड्या वेळानं त्यांची चुळबुळ सुरू झाली.

"साडूभाऊ, जरा जाऊन यायला हवं."

"मग जा की! मला कशाला विचारता?"

"तेच तर."

पाहुणे येणार म्हणून सकाळीच भिंती लख्ख पुसलेल्या. खूण गायब. दोघांचे मोबाइल बाहेर चार्जिंगला. मास्तर एका टोकाकडून फळ्या दाबत निघाले, मी दुसऱ्या. एक दाबली तर कपाट उघडलं. दुसरीतून इस्त्रीचं टेबल धाडकन माझ्या गुडघ्यावर आलं.

"बघा, टेबलालासुद्धा बाहेर येता येतं," मी कळवळत म्हणालो.

मास्तर हसले नाहीत. दाबून झालेल्या फळीवर खडूनं फुली मारत ते पुढे सरकत होते. कपाळावर घाम.

"मोठ्यानं हाक मारतो मी."

"नको! पाहुणे आलेत बाहेर."

"अहो, पण तुमची अवस्था..."

"नको म्हटलं ना साडूभाऊ! तिच्या माणसांसमोर नको."

माझंही हसू आटलं. काचेतून खाली मुंगीएवढी माणसं दिसत होती, वाटेल तिकडे चाललेली. आणि इथे मास्तर पाय आवळून, भिंतीला डोकं टेकून उभे.

तेवढ्यात पलीकडून लेकीचा आवाज आला, अगदी आनंदानं उतू जाणारा. "आता ओळखा बघू! इथे माझ्या बाबांची खोली आहे. दार कुठेय?"

मंडळी खिदळत फळ्या चाचपू लागली. बाहेरून ते शोधतायत, आतून आम्ही! शेवटी कुणीतरी म्हणालं, "हरलो बुवा, तूच दाखव." टक् झालं. उघडली ती मास्तरांनी फुली मारलेलीच फळी. त्यांनी दाबलं होतं, फक्त चार बोटं खाली.

दारात पाहुणे, आत फुल्यांनी भरलेली भिंत. मास्तर कुणाकडे न बघता त्यांच्यामधून निघाले. लेकीनं चेहरा पाहिला मात्र, धावत पुढे होऊन संडासाची फळी दाबून दिली.

मंडळी चहा अर्धवट टाकूनच गेली. मास्तर परत येऊन बसले होते, मग पोरगी खोलीत आली, भिंतीपाशी उभी राहिली. शिंप्याचीच लेक ती, त्या खडूवर वाढलेली. एका फुलीवरून बोट फिरवलं आणि तिथेच खाली बसली.

"बाबा, हे कधीपासून?"

मीच म्हणालो, "आल्या दिवसापासून, बाई."

"मग मला एकदा तरी सांगायचं नाही का हो, बाबा?"

मास्तरांनी खडू खिशात टाकला. म्हणाले, "सांगायला निघालो होतो गं, कितीदा तरी. दार सापडलं नाही."