भोंगा झाला की बसणारं मशीन

कापडमिलमध्ये रोज झाडलं तरी कोपऱ्यात कापसाचे तंतू साठतातच. किस्स्यांचंही तसंच. आपण काम करत राहतो आणि ते साठत राहतात. माझ्याकडचे बहुतेक सोलापूरचे, आणि त्यातल्या बहुतेकांत गाढव मीच!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरातल्या एका मिलनं कॉम्प्युटर घेतला होता, पण बोलीवर. तीन दिवस ओळीनं न थांबता चालून दाखवला तरच मिल तो ठेवून घेणार, आणि त्यासाठी मुदत मार्चअखेरपर्यंत. मी मशीनबरोबर मुंबईहून पाठवलेला इंजिनिअर. निघताना आमच्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, "जोगळेकर, मशीन परत आलं तर तुम्ही येऊ नका."

नुकतंच लग्न झालं होतं. बायकोला सांगितलं, आपण सोलापूरला बढतीवर चाललोय.

*

मशीन जूनमध्ये आलं आणि पहिल्याच आठवड्यात बंद पडून बसलं. दुसऱ्या दिवशी परत बसलं. वेळ ठरलेली, दुपारी साडेतीन. पाळी बदलायचा भोंगा झाला की मशीन गप्प.

मिलमध्ये बातमी पसरली की मशीन भोंग्याला भितंय. मी असल्या अडाणी बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. शास्त्रीय पद्धतीनं प्रोग्रॅम तपासला, सर्किटं बदलली, मुंबईला ट्रंक कॉल लावले. असे तीन आठवडे गेले.

सलीमभाई म्हणून मिलचे जुने वायरमन होते. ते रोज दारात उभे राहून माझी शास्त्रीय पद्धत बघायचे. एके दिवशी भोंगा झाला, मशीन बसलं आणि ते अदबीनं म्हणाले, "साब, मशीनमधनं डोकं काढून जरा वर दिव्याकडं बगा की."

दिवा मंद झाला होता. नवी पाळी आली की सगळे माग एकदम सुरू व्हायचे आणि व्होल्टेज खाली यायचं. तीन आठवड्यांत मी एकदाही मान वर केली नव्हती.

मुंबईहून व्होल्टेज सांभाळणारं उपकरण येईपर्यंत आम्ही साडेतीनला मशीन बंद करून चहा प्यायचो. चहाची सुट्टी मिळणारा कॉम्प्युटर दुसरीकडे कुठे असेलसं वाटत नाही.

*

दसऱ्याला मी मुंबईला गेलो. परत आलो तर मशीन एकही कार्ड वाचेना. तेव्हा सगळी माहिती भोकं पाडलेल्या कार्डांवर असायची आणि ती कार्ड रीडरमधून मशीनच्या पोटात जायची. मी तपासणी केली आणि छातीठोकपणे मुंबईला कळवलं, रीडरचा भाग मुळातच सदोष आहे, नवा पाठवा, कारखान्यातल्या माणसाला जाब विचारा.

नवा भाग आला. जुना मी तपासणीसाठी धाडून दिला. पंधरा दिवसांनी अहवाल आला: "भागात दोष नाही. आत लाल रंगाची, किंचित सुवासिक पूड आढळली."

मी अहवाल घेऊन सुलोचनाबाईंकडे गेलो. त्या कार्डांना भोकं पाडणाऱ्या विभागाच्या प्रमुख, मूळच्या मंद्रूपच्या. खंडेनवमीला मिलमध्ये प्रत्येक मागाची पूजा होते, तशी त्यांनी मशीनचीही केली होती.

"पण कुंकू रीडरमध्ये कशाला?" मी विचारलं.

"जिथनं खातंय तिथंच लावायला नको का?" त्या म्हणाल्या.

मी मुंबईला कळवलं, पूड हवेतून आली असावी.

*

डिसेंबरात एकदा मी मशीन पूर्ण उघडलं, पुसलं, बंद केलं. झकास चाललं. मग टेबलावर बघतो तर दोन स्क्रू उरलेले!

पुढचे तीन दिवस मी ते स्क्रू कुठले हे शोधत मशीन उघडत आणि परत जोडत होतो. तिसऱ्या दिवशी चांगलं चालणारं मशीन बंद पडलं.

तेवढ्यात सलीमभाई आले. "साब, हितं माजे दोन स्क्रू ऱ्हायलेत का? बाईंच्या खुर्चीचे हायत."

सुलोचनाबाई तीन दिवस स्टुलावर बसून काम करत होत्या.

*

जानेवारीत मशीन दर आठवड्याला एक अहवाल काढायचं: प्रत्येक विणकरानं हजेरीच्या एका दिवसाला सरासरी किती कापड काढलं. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात पहिल्याच विणकराच्या कार्डावर ते अडलं. ते कार्ड काढलं, तर दुसऱ्यावर अडलं.

मी निदान केलं की मेमरी गेली. दोन दिवस मेमरी तपासली, ती ठणठणीत. शेवटी मिलचे मॅनेजर बिराजदारसाहेब आले. त्यांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी नुसती हजेरी मागवली. कापड शून्य, हजेरी शून्य. मशीन शून्याला शून्यानं भागायला जायचं आणि तिथंच बसायचं.

"प्रोग्रॅम मुंबईत लिहिलाय का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

"तरीच. गड्ड्याच्या जत्रेत सोलापुरात कामाला कोण येतंय हो?"

मी मुंबईच्या लोकांच्या अज्ञानावर मनसोक्त हसलो. पण खरं सांगायचं तर त्याच आठवड्यात मी बायकोला घेऊन जत्रेला गेलो होतो आणि आकाशपाळण्यात बसून आमच्या निम्म्या विणकरांना हात केला होता.

*

आता मार्च. तीन दिवसांची परीक्षा दोनदा झाली आणि दोन्ही वेळा मशीन मध्येच बसलं. भोंगा नाही, कुंकू नाही, प्रोग्रॅम चोख. पावसाळ्यात असं कधी झालं नव्हतं. बिराजदारसाहेब म्हणाले, आता शेवटची संधी, नाहीतर मशीन परत पाठवतो. बायकोनं त्याच आठवड्यात घराला पडदे शिवले होते. मला ते बघवेनात.

मी खोलीत धूळ येऊ नये म्हणून पादत्राणं बाहेर काढायचा कडक नियम केला होता. सगळे अनवाणी यायचे. मी साहेब असल्यामुळे बूट काढून मोज्यांवर फिरायचो. मोजे नायलॉनचे, सासऱ्यांनी दिलेले. बोटाला अधूनमधून बारीक चटका बसायचा, तो मी काळजीचा समजत होतो.

शेवटच्या परीक्षेच्या सकाळी सुलोचनाबाईंनी मशीनचं रजिस्टर बिराजदारसाहेबांपुढे ठेवलं. मशीन किती वाजता थांबलं, जवळ कोण होतं, उपाय काय केला, सगळं त्या लिहीत. फेब्रुवारीपासून मशीन सतरा वेळा थांबलं होतं आणि जवळ कोण या रकान्यात सतरा वेळा माझंच नाव होतं.

सलीमभाई हळूच म्हणाले, "साब, तुमी भाईर बसा की."

इतका अपमान माझा आयुष्यात झाला नव्हता. पण नोकरीचा प्रश्न होता. तीन दिवस मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून काढले. येणारेजाणारे विचारायचे, साहेब बरं नाही का? आतून मशीनचा आवाज येत होता. एकदाही थांबला नाही. मला आनंद होत होता आणि रडूही येत होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता बिराजदारसाहेबांनी मशीन पसंत असल्याच्या कागदावर सही केली आणि मला आत बोलावलं. मी बूट काढले, धावत गेलो आणि भारावून मशीनच्या कपाटावर हात ठेवला.

चट्‌ आवाज झाला. मशीन बसलं.

बिराजदारसाहेब हातातल्या कागदाकडे बघत राहिले. सलीमभाई माझ्या पायांकडे बघत होते. मग ते खाली बसले आणि म्हणाले, "साब, पाय वर करा. आता दुसरा."

मी अनवाणी उभा राहिलो, परत हात ठेवला. काही झालं नाही. कोरड्या हवेत नायलॉनच्या मोज्यांनी अंगात साठणारी वीज मीच मशीनला देत होतो. मशीन सुरू केलं, तर ते चालूच राहिलं. बिराजदारसाहेबांनी कागदाची घडी घातली आणि स्वतः माझ्या खिशात ठेवली. सुलोचनाबाई रजिस्टर लिहीत होत्या. साहेबांनी ते ओढून घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं:

"पाच वाजून दहा मिनिटे. मशीन थांबले. जवळ: जोगळेकर. उपाय: मोजे जप्त केले."