त्याचं हसू

सिनेमातला नायक मला कधीच आवडला नाही. सतत गायचा, आणि आईचा निरोप घेताना हमखास रडायचा. पनवेलला तंबूत सिनेमा लागला की आम्ही आमच्या दिवाळे गावाहून होडीने जायचो, आणि मी वाट बघायची ती खलनायकाची. बारीक मिशी, पांढराशुभ्र कोट, आणि कुणाचं वाटोळं करायच्या आधीचं ते किंचित हसू. आमच्या बायका त्याच्या नावाने बोटं मोडायच्या. मीही मोडायची, पण मनातून त्याच्यावर जीव टाकत होते. मासळी वाळत घालताना एकटीच तसं हसून बघायची आणि मग लाजायची.

अशाच एका वर्षी मोठ्या बहिणीला पनवेलच्या कोळीवाड्यातून स्थळ आलं. आमच्यात चौकशी मासळीबाजारात व्हायची, कारण मुलाची आई तिथेच मासळीची पाटी घेऊन बसलेली असायची. माझ्या आईला सगळा बाजार ओळखत होता, म्हणून तिने मला धाडलं. पंधरा वर्षांच्या पोरीकडे कोण बघतंय! त्या बाईच्या जागेसमोरच्या ओट्यावर मी सकाळभर बसून राहिले.

मुलगा आईबरोबरच आला. आईच्या डोक्यावरची पाटी त्याने स्वतः उतरवली, मासळीवर पाणी मारलं, तिला कपभर चहा आणून दिला. त्याला बारीक मिशी होती. जाताना उगाच माझ्याकडे बघून हसला, अगदी तसंच. हा माणूस बहिणीचा होणार, ही गोष्ट मला सहनच होईना.

घरी सगळे माझीच वाट बघत होते. मी म्हटलं, "शिनेमातला तो दुष्ट हाय ना, तसाच दिसतो. हसतो पन तसाच."

यात खोटं काहीच नव्हतं. चहाचं आणि पाटीचं मात्र मी बोलले नाही. बाबांनी ते सिनेमे आमच्याबरोबरच पाहिले होते. ते म्हणाले, "तसल्याला पोर नाय द्यायची." विषय संपला.

रात्री बहिणीने विचारलं, "खरंच तसा हाय गो तो?"

मी मान डोलावली.

पुढे तिला साध्या, भोळ्या चेहऱ्याच्या माणसाला दिली. लग्नात तो आपल्या आईच्या गळ्यात पडून रडला तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. तो तिला वल्ह्याने मारायचा. एकदा हात मोडला, तो वाकडाच जुळला. आणि तो दुसरा बाजारात दिसायचा, आता बायकोची पाटी उतरवताना. त्याला आमची ओळखसुद्धा नव्हती. मी मात्र तो दिसला की मान खाली घालायची. तरी ते हसू पाठ सोडत नसे. खाडीवर, चुलीपाशी, डोळे मिटले की समोर.

सात-आठ वर्षांनी बहीण तापाने माहेरी येऊन पडली. ती काही उठणार नाही हे दिसतच होतं. एका दुपारी मी तिच्या वाकड्या हाताला तेल चोळत होते. आता सगळं सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं. तेवढ्यात तिनेच माझं मनगट धरलं.

"तू व्हतीस म्हनून त्या दुष्टाच्या हातून वाचली मी," ती म्हणाली. "नायतर माजं काय झालं असतं गो!"

मी "हो" म्हणाले.