नाकताईचं नाक गेलं तेव्हा

दूध केंद्रात माझ्या आत्याला सगळे नाकताई म्हणतात. कॅन आला की झाकण उचलायचं आणि त्याची आतली बाजू नाकाशी धरायची. वास तिथेच साठतो. तिचा डावा हात हलला की कॅन टाकीत, उजवा हलला की परत. त्या उजव्या हाताला भलेभले मिशीवाले टरकून असत. टाकीतलं दूध लहान मुलांच्या इस्पितळात जातं, त्यामुळे हुज्जत घालायची सोय नव्हती. मीही तिथेच फॅट तपासतो, पण मला कोण विचारतंय!

आत्या तापातून उठली, दुसऱ्या दिवसापासून कामावर येणार होती, त्या संध्याकाळी मी तिच्या घरी डोकावलो. पातेल्यातून धूर निघत होता आणि ती त्याकडे पाठ करून लसूण सोलत बसली होती.

"अगं, भाजी जळतेय!"

ती दचकली. पातेल्याकडे बघितलं, मग हातातल्या लसणाकडे. पाकळी ठेचून हुंगली, पुन्हा हुंगली, नाकात कोंबायचीच बाकी ठेवली. चेहरा पांढराफटक.

"कुणाला बोललास तर तंगडं मोडीन," ती म्हणाली.

कॉलेजात शिकलेलं पाजळायची संधी मी सोडत नाही. "आत्या, वास पकडणारे ग्राही, म्हणजे रिसेप्टर, नाकातल्या पेशींच्या आत तयार होतात. तिथून पेशीच्या पृष्ठभागावर पोचायला त्यांना दुसऱ्या प्रथिनांची सोबत लागते. उंदरांमध्ये ती सोबत काढून टाकली, तर बरेचसे ग्राही आतच अडकून पडले. बाहेर आलेच नाहीत तर वास पकडणार कसा?"

"तुझ्यासारखेच की! एवढा घोडा झालास तरी अंगणात जायला सोबत लागायची."

"तुझ्या नाकात हेच झालंय असं नाही हां. तापानं पेशीच मेल्या असतील, तर आधी नव्या यायला हव्यात, मग त्यांचे ग्राही बाहेर पोचायला हवेत."

"कधी पोचतील?"

"सांगता येत नाही."

"मग शिकून काय दिवे लावलेस?" ती हसली आणि एकदम माझं मनगट घट्ट धरलं. "तोवर मी काय करू रे?"

"केंद्राच्या साहेबांना सांग."

"म्हणजे उद्यापासून घरी बसू? तोंडं बघून ओळखेन मी. ज्याचं दूध बिघडलेलं असतं, तो माझ्या डोळ्यांत बघत नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं एकाचं चांगलं दूध परत पाठवलं. तो बिचारा स्वतःच्या बायकोलाही घाबरतो. त्याचा नमुना मी हुंगला होता, तरी मी फॅटचा आकडा लिहून पुढची बाटली घेतली.

त्यानंतरच्या सकाळी टेम्पोवाला आला, नेहमीसारखा खिदळत. "नाकताई, आज काय म्हणतंय नाक?" आत्यानं झाकण हुंगल्यासारखं केलं, त्याचा हसरा चेहरा पाहिला, डावा हात हलवला. दूध टाकीत गेलं. मी नमुन्याची बाटली उघडली आणि डिझेलचा भपकारा आला. टेम्पोत कॅनशेजारी डबा सांडला होता. त्याला स्वतःलाच पत्ता नव्हता, तर तोंडावर काय दिसणार?

आत्यानं माझ्याकडे बघितलं.

"पंप बंद करा!" ती ओरडली. "साहेब, मला वास येत नाही. ताप आल्यापासून काहीच येत नाही."

साहेबांनी धावत जाऊन पंप बंद केला. "आणि कालचं दूध?"

"तोंडं बघून घेतलं," आत्या म्हणाली. साहेबांनी इस्पितळाला फोन लावला. घंटी वाजत होती, कुणी उचलेना. शेवटी तिथल्या स्वयंपाकिणीनं उचलला. काल दूध तापवताना फाटलं, तिनं ओतून दिलं, मुलांना पेज दिली. वर साहेबांनाच झापलं, "तुमच्याकडे कुणाला नाकं नाहीत का?"

आत्यानं एक रिकामा कॅन नळाखाली ओढला आणि घासायला घेतला.

आता ती कॅन धुते. वास अजून आलेला नाही. झाकणं मी हुंगतो, आणि साधी शिंक आली तरी माझे हातपाय गार पडतात.