ताईची आठवी

माझ्या भाचेसुनेचा, सोनालीचा फोन आला तेव्हा मी पालघरच्या भाजीबाजारात होते. "मावशी, आई उठत नाहीत," एवढंच ती म्हणाली. मी माकुणसारला, ताईच्या घरी पोहोचेपर्यंत दुपार कलली होती. ताई पडवीतल्या खाटेवर नेहमीसारखी कुशीवर होती. तिच्या कानातली फोनची वायर कुणीतरी काढून उशीशी गुंडाळून ठेवली होती. जेवण झालं की ती रोज तासभर कानात ती वायर घालून पडायची. हरिपाठ ऐकते, असं घरातले सगळे समजत होते. मीही तेच समजत होते. आता दीड महिना होत आला, आणि या दीड महिन्यात जे कळलं त्याचं काय करावं ते मला अजून उमगलेलं नाही... म्हणून लिहायला बसले.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. सातवी झाली आणि तिची शाळा सुटली. आई-बाबा दोघंही दिवसभर पानवेलींच्या वाडीत, आणि मला सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. मला कडेवर घेऊनच ती पानांचे विडे, म्हणजे विकायच्या जुड्या, मोजायची, चूल बघायची, आणि मला बाराखडीही तिनेच गिरवायला लावली. पुढे मी बी.एड. केलं, पालघरच्या शाळेत गणित शिकवायला लागले. पहिल्या दिवशी माझ्या साडीच्या निऱ्या नीट करताना ती म्हणाली, "आमच्या घरात मास्तरीन हाय आता." तिला कशाचं वाईट वाटत असेल, असं मला कधी वाटलं नाही. खरं तर मी तसा विचारच केला नाही.

टाळेबंदीत मी एकटी राहू नये म्हणून ताईचा मुलगा महेश मला घरी घेऊन आला. तो बोईसरच्या कारखान्यात आहे. पडवीत तांदळाच्या डब्याला फोन टेकवून मी आठवीचा वर्ग घ्यायचे. मुलांचे कॅमेरे बंद, समोर नुसते काळे चौकोन. ताई दाराशी वाल सोलत बसायची. एकदा तास संपल्यावर तिने विचारलं, "पोरं तं दिसत नाय. मग तू बोलतेस कोनाशी?" मला हसू आलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आनि तो एक्स काय गं? काल सात व्हता, आज तीन कसा झाला?" मी त्या दिवशी फार थकले होते. "तुला काय करायचंय ताई, सोड ना," असं मी म्हणाले. की फक्त हात झटकला? आठवून आठवून बघते, पण नक्की सांगता येत नाही. तिने पुन्हा कधी विचारलं नाही, एवढं नक्की.

दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले. निरोप समारंभात मी ठणकावून सांगितलं, की मोबाइलवर माहिती मिळेल, शिक्षण मिळणार नाही. त्याला फळ्यासमोर जिवंत माणूसच लागतो. पहिल्या रांगेत बसून ताईने मनापासून टाळ्या वाजवल्या.

तेराव्यानंतर ताईचा फोन बंद करायचा म्हणून महेशने तो उघडला, तर आत हरिपाठ नव्हताच. होता गणिताचा ऑनलाइन वर्ग. महेशने तो टाळेबंदीत त्याच्या मुलीसाठी, आर्यासाठी लावला होता. आर्याने महिन्याभरात सोडला होता. तिच्याच नावावर ताईने आठवी पूर्ण केली, नववी पूर्ण केली, आणि दहावीची वर्गसमीकरणं चालू होती. मी आर्याकडे बघितलं. तिला माहीत होतं.

"आजी म्हणाली होती, मावशीआजीला सांगू नको."

"का गं?"

"तिला वाईट वाटेल, म्हणाली. मी विचारलं होतं, कशाचं? तर म्हणाली, तू जा, चहा ठेव."

कशाचं वाईट? आपल्या बहिणीने परक्याकडून गणित शिकावं याचं? की माझ्यामुळे तिची शाळा सुटली, ते मला आठवेल याचं? दोन्हीपैकी एक धरून बसावं तर दुसरं खरं वाटायला लागतं.

त्या वर्गात अडलेलं विचारायला आवाज पाठवायची सोय आहे. ताईचे प्रश्न तिथे ओळीने पडून आहेत, तिच्या मोडक्या हिंदीत. "सर, ये मायनस मायनस का प्लस कायको होता हाय?" मी तीस वर्षं वर्गात या प्रश्नावर सांगत आले, नियम आहे, पाठ करा. तिला उत्तर आलं होतं: पीछे मुड़ो, फिर एक बार पीछे मुड़ो, मुँह फिर सामने. ते ऐकून ती पडवीत उभी राहून दोनदा फिरली होती, असं आर्याने सांगितलं. एकच प्रश्न तिने चार-चारदा विचारलाय. प्रत्येक वेळी तोच शांत आवाज, न वैतागता. आणि प्रत्येक वेळी ताईचं "थँक्यू सर, उपकार झाले." मी महेशला विचारलं, हा सर कोण? त्याने बराच वेळ इकडेतिकडे दाबून बघितलं. "मावशी, हे मशिनचं उत्तर वाटतंय. नाहीतर माणूसही असेल. कळत नाय." ताईला तरी माहीत होतं का? माणूस नव्हता, म्हणूनच तिला लाज वाटली नाही का? आणि जिवंत माणूस तर तिच्या दाराशीच बसून तास घेत होता...

निघताना आर्याने मला ताईची एक वही दिली. वाडीतल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत, खताच्या गोणीमागे ठेवलेली असायची म्हणे. ती आता माझ्या टेबलावर आहे. अक्षर मोठं, सातवीतल्या मुलीचं. परवा चाळताना एक गणित चुकलेलं दिसलं. एक्सचा वर्ग, वजा पाच एक्स, अधिक सहा. तिने कंसांत अधिक दोन आणि अधिक तीन लिहिलं होतं. हजार वह्यांत बघितलेली चूक. सवयीने माझा हात लाल पेनाकडे गेला, टोपण काढलं, आणि आधी पुढचं बघावं म्हणून पान उलटलं. मागच्या बाजूला तिनेच लिहिलं होतं, 'चुकलं. दोन्ही वजा.' खाली बरोबर उत्तर, आणि त्याच्यापुढे तिने स्वतःच केलेली बरोबरची खूण.

मी पेनाला टोपण लावलं.